की, सातवी आवृत्ती

उद्यमबागेत दिवसभर मी लेथला हुकूम लिहितो.
इतके मायक्रॉन आत ये, इतके मागे सर,
पाणी सोड, थांब.
लेथ कधी उलटून विचारत नाही.
म्हणून रात्री मच्छ्याच्या खोलीत
कुणाच्याही उपयोगाची नसलेली एक भाषा
करायला घेतली.

तिच्यात एकच शब्द ठेवला : की.
आमच्याकडे तो कशालाही लागतो.
ये की. बस की. व्हय की. खा की आणि एक.
पुण्याचा मावसभाऊ हसतो, हा की कशाला?
काढून बघ म्हटलं. वाक्य तेच राहतं,
फक्त दार लोटल्यासारखं होतं.

एक की म्हणजे एक मिळव.
दोन की, पुढच्या खणात जा.
तीन की, खण रिकामा होईपर्यंत फिरत राहा.
वजाबाकीला चार.
नकार ठेवलाच नाही;
आमच्या पंगतीत नको म्हटल्यावर
वाढणारा हात कधी थांबलाय?

पहिल्या आवृत्तीत 'मच्छे' एवढं छापायला
चारशे अकरा की लागले.
पहाटे तीनला ते दोन अक्षरांचं गाव पडद्यावर उमटलं
आणि उमटतच राहिलं,
मच्छेमच्छेमच्छे,
कारण थांबायचं कसं हे मी शिकवलंच नव्हतं.
वायर उपटली.

दुसरीत मोजणं कमी केलं, तिसरीत ते पुन्हा वाढलं.
चौथी शिवलीलाला दाखवली.
शिवलीला हुक्केरी, तपासणी विभाग,
व्हर्नियर लावून माणसंही परत पाठवते म्हणतात.
डब्याच्या सुट्टीत तिनं कागद उजेडाकडे धरला.
"दोष हाय. सतराव्या ओळीत आकी झालंय."
बोट घसरून आ पडला होता.
"आकी म्हणजे आमच्यात ती."
कोण ती?
"आत्ता जिचं बोलणं चाललं होतं, ती की."

भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.
सहा महिने मी खण मोजत पुढं-मागं पळत होतो
आणि माझ्या भाषेत सर्वनाम नव्हतं.
पाचव्या आवृत्तीत आकी आली :
शेवटी हात लावलास त्या खणाकडं परत जा.
चारशे अकराचे एकशे शहाण्णव झाले.

थांबण्याचं मात्र सुटेना.
'थांब' लेथचा शब्द, तो नको होता.
'बंद' म्हटलं की आमच्या शहरात शटरं पडतात, शाळा सुटतात.
'संपलं' तर आई तांदळालासुद्धा म्हणत नाही,
वाढले म्हणते.

गेटवर स्कूटर काढताना शिवलीला म्हणाली, "बर्तीनि."
येते. म्हणजे निघाले.
"येतो," मी म्हणालो, आणि उलट दिशेनं चालू लागलो.
दहाएक पावलांवर थबकलो.
जाण्यासाठी दोघांनी येणं वापरलं होतं.

सहावीत 'येतो' लिहिलं की प्रोग्राम जातो,
खण भरलेले तसेच ठेवून,
परत आल्यावर शून्यापासून नको.
'बर्तीनि'ही चालतं. दोन्ही एकाच ओळीत नोंदवलेत.
आधी कोणतं, यावर तिनं वर्णमाला काढली :
ब आधी, मग य.
हरलो.

सातवीत नवीनच निघालं.
दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलत असतील
आणि दोघांनी एकदमच येतो म्हटलं,
तर कुणीच निघत नाही.
उंबऱ्यावर उभे राहतात, पुन्हा खण उघडतात,
अरे हां, ते सांगायचंच राहिलं,
पंखा घुमतो, मशीन तापतं.
परवा चाळीस मिनिटं चाललं.
शिवलीलानं घड्याळ लावून मोजलं, दोन दशांशांपर्यंत.

यादीत लिहिलंय : दोष क्रमांक नऊ. खुला.
दुरुस्ती कुणाकडे, त्या रकान्यात
तिनं लिहिलंय : आकी.
शेवटी हात कुणी लावला होता,
ते आम्ही अजून शोधतोय.